मुक्तद्वार ज्ञान : लाभ, हानी आणि खर्चाचा वाटा

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



‘ओपन अ‍ॅक्सेस’ हा शब्द अलीकडे विद्यापीठांतून आणि संशोधनसंस्थांतून वारंवार कानी पडतो. संशोधनपर लिखाण इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य वाचावयास मोकळे असावे, असा त्याचा थोडक्यात अर्थ. नव्या युगाचा नवा शब्द म्हणून तो सांगितला जातो. परंतु ग्रंथालयांच्या क्षेत्रात आयुष्य घालविलेल्या मंडळींना तो मुळीच नवा नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ तो ग्रंथालयांच्या व्यवहारात आहे. फरक इतकाच, की तेथे त्याचा संबंध इंटरनेटशी नव्हता, तर कपाटाच्या किल्लीशी होता.

पूर्वी ग्रंथालयांतील पुस्तके कुलूपबंद कपाटांत असत. वाचकाने यादी पाहावी, चिठ्ठी लिहावी, खिडकीशी उभे राहावे आणि शिपायाने आणून दिलेले पुस्तक घेऊन निघून जावे, अशी रीत होती. वाचकाने स्वतः फडताळापाशी जावे, पुस्तके हाताळावीत, चार पाने चाळावीत आणि मग निवड करावी, ही मुभा जेव्हा मिळाली तेव्हा तिला ‘ओपन अ‍ॅक्सेस’ हे नाव पडले. लंडनच्या क्लार्कनवेल भागातील सार्वजनिक ग्रंथालयात जेम्स डफ ब्राउन या ग्रंथपालाने १८९४ साली ही पद्धत सुरू केली, तेव्हा इंग्लंडमधील ग्रंथपालांत मोठा वाद माजला. पुस्तके चोरीस जातील, जागच्या जागी राहणार नाहीत, वाचक गोंधळून जाईल, असे आक्षेप घेतले गेले. भारतात डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम’ या ग्रंथात या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. मराठीत तिला ‘मुक्तद्वार पद्धती’ असे अर्थवाही नाव मिळाले.

हे आक्षेप सर्वस्वी खोटे नव्हते. दार उघडल्यावर काही पुस्तके गेली, काही भलत्याच जागी जाऊन बसली. तरीही कुलपे पुन्हा लागली नाहीत, कारण झालेल्या हानीपेक्षा लाभ कितीतरी मोठा होता. मात्र एक गोष्ट त्या वेळी स्पष्ट झाली. दार उघडल्याने ग्रंथपालाचे काम कमी झाले नाही, ते वाढले. आणि वाचकाला पुस्तक सहज मिळू लागले म्हणून पुस्तकाची किंमत कोणी द्यावयाची हा प्रश्नही सुटला नाही. आजच्या मुक्तद्वार संशोधन-प्रकाशनाचा विचार करताना हा जुना अनुभव हाताशी असलेला बरा.

नव्या अर्थाने हा शब्द रूढ झाला तो २००२ सालच्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्ट जाहीरनाम्यामुळे. तज्ज्ञांनी तपासून संमत केलेले शोधनिबंध इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता यावेत, उतरवून घेता यावेत, त्यांच्या प्रती काढून वाटता याव्यात. लेखकाचे श्रेय त्याला मिळावे आणि त्याचे लिखाण विकृत केले जाऊ नये, एवढेच बंधन असावे, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, बर्लिन येथे अशाच आशयाची घोषणा झाली. पाहता पाहता हा विचार जगभर पसरला.

हा विचार निर्माण का झाला, हे समजण्यासाठी संशोधनपर नियतकालिकांचा व्यवहार जाणून घेतला पाहिजे. सर्वसाधारण वाचकाला परिचित असलेल्या पुस्तकविक्रीच्या व्यवहाराहून तो फार वेगळा आहे. कादंबरीकाराला मानधन मिळते, दिवाळी अंकातील कथालेखकाला थोडेबहुत का होईना, मिळते. शोधनिबंधाच्या लेखकाला काहीही मिळत नाही आणि त्याची तशी अपेक्षाही नसते. त्याचा पगार विद्यापीठ देते, संशोधनाचा खर्च बहुधा सरकार करते. निबंध तपासून देणारे तज्ज्ञही हे काम सहसा विनामोबदला करतात. १६६५ साली हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’ सुरू केले, तेव्हापासून दीर्घकाळ अशी नियतकालिके प्रामुख्याने विद्वत्सभाच चालवीत आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनाचा पसारा वाढला आणि या व्यवहारात नफ्याला मोठा वाव आहे, हे व्यापारी प्रकाशकांनी ओळखले. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी १९५१ साली उभी केलेली पर्गमॉन प्रेस ही या नव्या व्यवहाराची ठळक खूण होय.

येथे माल तयार करणारा विनामूल्य देतो, पारखणारा विनामूल्य पारखतो आणि गिऱ्हाईक असलेल्या ग्रंथालयाला दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नसते. एका नियतकालिकातील निबंध दुसऱ्यात मिळत नाही, म्हणून वर्गणी कितीही वाढली तरी ती भरावी लागते. जगातील अत्यंत संपन्न ग्रंथालयांपैकी एक असलेल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयानेही २०१२ साली हात टेकले. नियतकालिकांवरील वार्षिक खर्च साडेसदतीस लाख डॉलरच्या घरात गेला असून काही नियतकालिकांची एकेका वर्षाची वर्गणी ४० हजार डॉलरपर्यंत पोहोचली आहे, हा भार यापुढे पेलणार नाही, असे तेथील प्राध्यापकांच्या सल्लागार समितीने जाहीर केले. हार्वर्डची ही अवस्था, तर बेळगाव, ग्वाल्हेर वा मडगावच्या महाविद्यालयाची काय असेल, हे वेगळे सांगावयास नको.

हा प्रश्न केवळ ग्रंथालयांच्या अंदाजपत्रकाचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशात २०१४ साली इबोलाची भीषण साथ आली. या रोगाचा त्या देशात पूर्वी कधी मागमूस नव्हता, अशी समजूत होती; त्यामुळे आरंभी रोग ओळखण्यास विलंब झाला. पुढे २०१५ साली लायबेरियाच्या आरोग्य खात्यातील अधिकाऱ्यांनी जाहीररीत्या लिहून एक विलक्षण गोष्ट निदर्शनास आणली. लायबेरियातील लोकांच्या रक्तात इबोलाशी संबंध आल्याच्या खुणा सापडतात, सबब हा देशही या रोगाच्या प्रदेशात गणला पाहिजे, असा स्पष्ट इशारा देणारा शोधनिबंध युरोपातील एका नियतकालिकात १९८२ सालीच छापला गेला होता. लायबेरियातील डॉक्टरांपर्यंत तो पोहोचलाच नव्हता. अशा प्रकारचा एक निबंध उतरवून घेण्यासाठी २०१५ मध्येही ४५ डॉलर मोजावे लागत होते आणि ती रक्कम तेथील डॉक्टरच्या जवळजवळ अर्ध्या आठवड्याच्या पगाराइतकी होती. निबंध विनामूल्य असता तर साथ टळलीच असती, असे म्हणता येणार नाही. तो शोधून, वाचून त्यावर कृती करणारेही लागतातच. परंतु ज्यांच्या देशातील रक्ताचे नमुने तपासून ते ज्ञान सिद्ध झाले, त्यांनाच ते विकत घ्यावे लागावे, हा व्यवहार न्याय्य नव्हे.

आता मुक्तद्वार पद्धतीच्या लाभांकडे वळू. पहिला लाभ वेगाचा. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ साली ‘अर्काइव्ह’ नावाचा संगणकीय संग्रह सुरू केला. निबंध छापून येण्याची वाट न पाहता संशोधकांनी तो तेथे ठेवावा आणि जगात कोणीही तो वाचावा, अशी ही योजना. रशियन गणिती ग्रिगोरी पेरेलमन यांनी पॉइनकारे यांच्या सुमारे शंभर वर्षे न सुटलेल्या प्रश्नाची सिद्धता २००२ आणि २००३ मध्ये याच संग्रहात ठेवली. कोणत्याही नियतकालिकाकडे त्यांनी ती पाठविली नाही. जगातील गणितींनी ती तेथूनच घेतली, वर्षानुवर्षे तपासली आणि मान्य केली.

दुसरा लाभ प्रसाराचा, आणि त्याचे उदाहरण मुंबईचेच आहे. सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालय यांच्यातर्फे १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे नियतकालिक निघते. या शतकाच्या आरंभी त्याने आपले अंक इंटरनेटवर विनामूल्य खुले केले आणि लेखकांकडूनही शुल्क घेतले नाही. वर्गणीदार गळतील ही भीती होती. उलट परदेशांतून निबंध येऊ लागले आणि वाचक वाढले. मुंबईतच डॉ. डी. के. साहू यांनी उभ्या केलेल्या ‘मेडनो’ या प्रकाशनसंस्थेने हीच वाट अनेक भारतीय वैद्यकीय नियतकालिकांना दाखविली. २०११ साली एका बहुराष्ट्रीय कंपनीने ही संस्था विकत घेतली. बेंगळुरूच्या इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसनेही आपली नियतकालिके स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. विद्यापीठांतील प्रबंध पूर्वी कपाटात पडून वाळवीचे धनी होत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात जमा होऊ लागले आणि आज लक्षावधी प्रबंध तेथे कोणालाही पाहता येतात. मराठी विश्वकोशाचे खंडही इंटरनेटवर असेच विनामूल्य वाचावयास मिळतात.

तिसरा लाभ आपणा मराठी भाषकांस विशेष जिव्हाळ्याचा आहे. मराठीतील संशोधनाची थोर परंपरा पुष्कळशी विद्यापीठांच्या भिंतींबाहेर उभी राहिली. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि आजही आधारभूत मानला जातो. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. इतिहासाचार्य राजवाडे तर दप्तरे धुंडाळीत गावोगाव हिंडले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोदे संस्थानच्या नोकरीत राहून लिहीत होते. वैद्यकातले उदाहरण घ्यावयाचे तर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणातील ग्रामीण रुग्णांवर उपचार करता करता त्यांनी विंचूदंशावर केलेले संशोधन ‘लॅन्सेट’ आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ यांसारख्या जगन्मान्य नियतकालिकांनी छापले. अशा संशोधकांच्या पाठीशी विद्यापीठाचे ग्रंथालय नसते. निवृत्त प्राध्यापक, तालुक्याच्या गावचा वकील, शाळेत शिकवून इतिहासाची साधने जमविणारी शिक्षिका, या सर्वांना संशोधनाचा प्रवाह खुला राहतो तो केवळ मुक्तद्वार पद्धतीमुळे.

इतके लाभ दिसत असताना हानी कोठून आली? सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. निबंध मिळविणे, तपासून घेणे, संपादणे, मुद्रिते वाचणे, संगणकावर कायम जतन करणे, या सर्वांस खर्च येतो. वाचकाने तो द्यावयाचा नसेल तर कोणी तरी दिला पाहिजे. या प्रश्नाला तीन उत्तरे निघाली आणि त्यांना रंगांची व रत्नांची नावे मिळाली. निबंध वर्गणीच्या नियतकालिकातच छापावा, पण त्याची एक प्रत आपल्या संस्थेच्या खुल्या संग्रहात ठेवावी, हा हरित मार्ग. निबंधाचा लेखक वा त्याची संस्था प्रकाशकाला शुल्क देते आणि वाचक विनामूल्य वाचतो, हा सुवर्णमार्ग. वाचकाकडूनही नाही व लेखकाकडूनही नाही, तर संस्था, समाज आणि शासन यांनी मिळून खर्च करावयाचा, हा हीरकमार्ग.

यांपैकी सुवर्णमार्गाचा बोलबाला सर्वांत जास्त झाला, कारण व्यापारी प्रकाशकांना तो सोयीचा होता. २००३ साली अमेरिकेत ‘प्लॉस बायॉलॉजी’ हे नियतकालिक सुरू झाले तेव्हा लेखकाचे शुल्क १,५०० डॉलर होते. ‘नेचर’ने आपला निबंध खुला करू इच्छिणाऱ्या लेखकासाठी २०२१ पासून ९,५०० युरो शुल्क ठेवले, तेव्हाच्या दराने ही रक्कम आठ लाख रुपयांहून अधिक होते. म्हणजे वाचकासमोरचे दार उघडले आणि लेखकासमोरचे लागले. गरीब देशांतील लेखकांना पुष्कळ प्रकाशक सूट देतात. परंतु भारताची एकंदर अर्थव्यवस्था मोठी असल्याने अशा सवलतींच्या अनेक याद्यांत त्याचे नाव नसते. भारतातील एखाद्या लहान महाविद्यालयातील प्राध्यापकाला श्रीमंत देशातील सहकाऱ्यांचे संशोधन आता फुकट वाचता येते, मात्र स्वतःचे संशोधन त्यांच्या पंक्तीस मांडावयाचे तर वर्षाच्या पगाराची गोष्ट होऊन बसते. पूर्वी तो मुका श्रोताही नव्हता, आता निदान श्रोता झाला आहे. पण वक्ता होणे त्याच्या आवाक्याबाहेर गेले, तर याला ज्ञानाची लोकशाही म्हणता येईल काय? विद्यापीठाबाहेरच्या ज्या संशोधकांचा उल्लेख आताच झाला, त्यांच्या पाठीशी तर अनुदानही नसते. त्यांचे शुल्क कोणी भरावे?

दुसरी हानी याहून लाजिरवाणी आहे. छापलेल्या प्रत्येक निबंधामागे पैसा मिळणार असेल, तर निबंध नाकारण्यात प्रकाशकाचे नुकसानच होते. या लोभातून बोगस नियतकालिकांचे पीक आले. शुल्क भरा, आठवड्यात छापून देतो, तपासणीची चिंता नको, असा त्यांचा धंदा. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा प्रकाशकांची यादी प्रसिद्ध करून या धंद्याकडे जगाचे लक्ष वेधले. २०१३ साली ‘सायन्स’ साप्ताहिकाच्या वतीने जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका ठेवलेला एक बनावट निबंध ३०४ मुक्तद्वार नियतकालिकांकडे पाठविला. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. स्वीकारणाऱ्यांत भारतातून चालणारी नियतकालिके संख्येने सर्वांत अधिक होती, ही आपणास मान खाली घालावयास लावणारी गोष्ट होय. २०१९ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने हैदराबादहून चालणाऱ्या एका प्रकाशनसमूहास संशोधकांची फसवणूक केल्याबद्दल पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. मोठी नावेही यातून सुटली नाहीत. ‘हिंदावी’ या मुक्तद्वार प्रकाशनसंस्थेला २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले.

तथापि या पापाचे खापर केवळ मुक्तद्वार पद्धतीवर फोडणे अन्यायाचे होईल. बोहॅनन यांची परीक्षा फक्त मुक्तद्वार नियतकालिकांची होती; वर्गणीची नियतकालिके तीत बसविलीच नव्हती. शिवाय बोगस नियतकालिकाला गिऱ्हाईक मिळते ते कोठून? नेमणूक आणि बढती निबंधांच्या मोजदादीवर ठरविण्याच्या आपल्या धोरणातून. किती छापले हे मोजणे सोपे, काय लिहिले हे वाचणे कष्टाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या मे महिन्यात आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली, पुढे नवी यादी केली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद करून पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपविली. याद्या येतात आणि जातात. वाचून पारखणाऱ्या डोळ्यांना पर्याय नाही.

तिसरी हानी लहान विद्वत्संस्थांची. मराठीत इतिहास, भाषा, लोकसाहित्य, कोश अशा विषयांना वाहिलेली नियतकालिके काही शे वर्गणीदारांच्या बळावर तग धरून असतात. त्यांना ना प्रचंड नफा, ना लेखकाकडून शुल्क मागण्याची परंपरा. अंक इंटरनेटवर फुकट मिळू लागला की वर्गणी कशाला भरावी, असा विचार वाचकाने केला तर त्यांची गंगाजळी आटेल. मोठ्या प्रकाशकांच्या नफेखोरीवर निघालेले औषध लहान संस्थांच्या जिवावर बेतू नये, एवढी काळजी घेतलीच पाहिजे.

आपल्या सरकारने या गुंत्यातून काढलेला मार्ग निराळा आहे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या नावाची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके आणि केंद्र व राज्य शासनांच्या ६,३०० च्या वर उच्चशिक्षण व संशोधन संस्था, असा तिचा आवाका. लहान गावच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला यामुळे मोठीच सोय झाली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु हे मुक्तद्वार नव्हे. देशाच्या वतीने घेतलेली ती एक मोठी वर्गणी आहे. वर्गणी थांबली की दार बंद. शिवाय या योजनेच्या पहिल्या टप्प्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा सामान्य वाचक दाराबाहेरच राहिला आहे.

मग मार्ग कोणता? त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून संस्थानभर विनामूल्य ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. त्या योजनेतील खेड्याच्या ग्रंथालयाचा आर्थिक नियम फार मार्मिक होता. गावकऱ्यांनी ठरावीक रक्कम उभी करावयाची, तितकीच स्थानिक पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावयाची. वाचकाला पुस्तक फुकट मिळे, पण ते ग्रंथालय कोणाला फुकट पडलेले नव्हते. तिघांचा वाटा असल्याने ते तिघांचेही होते. ज्यांनी दिले त्यांच्यापुरते ते मर्यादित नव्हते आणि ज्याला देता आले नाही त्यालाही त्याचे दार उघडे होते.

संशोधनाच्या प्रकाशनात आज हीरकमार्ग म्हणून ज्याची चर्चा होते, तो तत्त्वतः हाच नियम होय. ब्राझीलने १९९७ पासून ‘सायेलो’ नावाच्या उपक्रमाद्वारे सार्वजनिक निधीतून आपली नियतकालिके इंटरनेटवर विनामूल्य आणली आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देश त्यात सामील झाले. तेथील संशोधन त्यामुळे स्पॅनिश आणि पोर्तुगीज या तेथल्या भाषांतही जगापुढे राहिले. जिनिव्हाच्या सर्न या संशोधनकेंद्राच्या पुढाकाराने २०१४ पासून अनेक देशांतील ग्रंथालयांनी आपली वर्गणी एकत्र करून मूलकण-भौतिकीतील प्रमुख नियतकालिकांचे निबंध सर्वांसाठी खुले केले आहेत. तेथे लेखकाला काही द्यावे लागत नाही आणि वाचकालाही नाही. वर्गणी हा शब्द तेथे नाहीसा झाला नाही, त्याचा अर्थ बदलला. पूर्वी वर्गणी देणारा स्वतःसाठी अंक विकत घेई. आता तो सर्वांसाठी दार उघडे ठेवतो.

आपल्यासारख्या शंभरी गाठलेल्या ग्रंथालयाचे या सर्वांत काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. काम पुष्कळ आहे. पहिले काम वाटाड्याचे. ‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण ज्ञानाच्या बाबतीत खरी नाही. खुल्या दारातून सोने येते तसा कचराही येतो. तज्ज्ञांनी तपासलेले कोणते, केवळ पैसे घेऊन छापलेले कोणते, हे वाचकाला ओळखावयास शिकविणे हे ग्रंथपालाचे आजचे कर्तव्य आहे. शोधगंगेत, खुल्या संग्रहांत, विश्वकोशात काय मिळते हे अनेक वाचकांना ठाऊकच नसते. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यासाठी राखली तरी मोठे काम होईल.

दुसरे काम आपल्याच कपाटांतील ठेव्याचे. जुन्या ग्रंथालयांत एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील मराठी मासिके, स्थानिक संस्थांचे अहवाल, छोट्या छापखान्यांतून निघालेली चरित्रे अशी सामग्री असते आणि तिची दुसरी प्रत कित्येकदा कोठेही सापडत नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत छापून आलेल्या ग्रंथाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो. राजवाडे १९२६ साली निवर्तले, सरदेसाई १९५९ साली. त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केलेले ग्रंथ आज सर्वांचे आहेत. असे साहित्य काळजीपूर्वक छायांकित करून खुले करणे, आणि ज्यांचे हक्क शाबूत आहेत त्यांच्या लेखकांची वा वारसांची परवानगी मागणे, हे महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथालयांनी परस्परांच्या साह्याने हाती घ्यावयास हवे. इंदूरच्या वाचकाला गोव्यातील अंक आणि हैदराबादच्या वाचकाला बडोद्यातील पुस्तक घरबसल्या पाहता आले, तर सीमेपलीकडे विखुरलेल्या या मराठी समाजाला एकमेकांचा इतिहास प्रथमच एकत्र वाचता येईल. पुस्तक छायांकित झाले म्हणून मूळ प्रत रद्दीत घालण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. संकेतस्थळे बंद पडतात. नीट राखलेला कागद शंभर वर्षे टिकतो, याचा पुरावा याच वास्तूत आहे.

तिसरे काम आश्रयदात्यांचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. लहान मराठी संशोधन-नियतकालिकांची वर्गणी, ती इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असली तरीही, भरत राहणे. ‘फुकट मिळते तर पैसे का द्यावेत?’ या प्रश्नाचे उत्तर या ग्रंथालयाच्या संस्थापकांनी शंभर वर्षांपूर्वीच कृतीने दिले आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांना हवी ती पुस्तके स्वतः विकत घेता आली असती. तरीही त्यांनी वर्गणी दिली, ती ज्याला पुस्तक घेणे परवडत नव्हते त्या अनोळखी वाचकासाठी.

मुक्तद्वार याचा अर्थ बिनमालकीचे दार असा नव्हे. त्याची बिजागरी घालावी लागते, उंबरठा झाडावा लागतो, रात्री दिवा लावावा लागतो. तो खर्च एकट्या वाचकावर पडला तर गरीब वाचक अडतो, एकट्या लेखकावर पडला तर गरीब लेखक अडतो, आणि एकट्या सरकारवर टाकला तर एखाद्या वर्षी तरतूद थांबताच दार बंद होते. सर्वांनी थोडा थोडा उचलला तरच ते दार उघडे राहते. पहिल्या शतकात या ग्रंथालयाने आपल्या गावातील वाचकासाठी हे केले. दुसऱ्या शतकात न पाहिलेल्या, दूरच्या वाचकासाठीही ते करण्याचे सामर्थ्य त्यास लाभो, अशी शुभेच्छा व्यक्त करून हे विवेचन येथे पुरे करणे उचित होईल.